दुकानाचा जुना नंबर आणि नवी इंटरनेट लाइन: इंटरकॉम मशीनवर जोडण्याआधी हे वाचा



सांगलीच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, दुकानात फायबर आलंय. त्याच्याबरोबर फोनची लाइन पण मिळतेय. आमचं जुनं इंटरकॉम मशीन आहे, त्याला ती चालेल का? का सगळंच भंगारात काढायचं?"

मी म्हटलं, भंगारात काढू नका आणि घाईनं जोडूही नका. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं इथं सविस्तर लिहितोय. ज्यांना एकच वाक्य पाहिजे त्यांच्यासाठी: लाइन कशीही बदला, पण गिऱ्हाइकाचा कॉल तुटता कामा नये. बाकी सगळं या वाक्यासाठीच आहे.

आधी माझी चूक

साताऱ्याच्या दुकानात आम्ही पंप आणि मोटारीचे स्पेअर विकतो. 02162 चा नंबर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घेतलेला. तो बिलबुकावर आहे, पाटीवर आहे, आणि किती तरी शेतकऱ्यांच्या विहिरीवर स्टार्टरच्या पेटीच्या झाकणात आतून पेननं लिहिलेला आहे. मोटार बंद पडली की माणूस पेटी उघडतो आणि तोच नंबर लावतो. ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

एका शुक्रवारी आमची तांब्याची लाइन फायबरवर गेली. नंबर तोच राहिला. लाइनमननं नव्या डब्यातून वायर काढून साध्या फोनला लावली, रिंग वाजली, बोलून बघितलं, एकदम क्लिअर. तो गेल्यावर मी स्वतःच ती वायर इंटरकॉम मशीनला लावली. एक कॉल करून बघितला, लागला. शटर ओढलं आणि घरी गेलो.

शनिवारी फोन शांत, रविवारी पण शांत. मला वाटलं गिऱ्हाईक कमी असेल. सोमवारी सकाळी कोरेगाव बाजूचे एक आबा दुकानात आले. म्हणाले, "काय रं, दोन दिस फोन एंगेजच लागतोय. म्हटलं दुकान इकलं का काय!" त्यांनी सामान तोवर दुसरीकडून घेतलं होतं. इकडं दुसऱ्या कामाला आले होते म्हणून सांगायला डोकावले. असे न सांगणारे किती गेले असतील, ते मला आजही माहीत नाही. ऐन उन्हाळ्यातले दिवस होते ते.

झालं काय होतं? शुक्रवारी रात्री दुकान बंद असताना कॉल आला. मशीननं तो आपोआप उचलला आणि रेकॉर्डिंग लावलं. समोरच्यानं कंटाळून फोन ठेवला. पण त्यानं फोन ठेवलाय हे मशीनला कळलंच नाही. ते लाइन धरून बसलं, आणि पुढच्या प्रत्येकाला एंगेज. चूक कंपनीची नव्हती, मशीनची पण नव्हती. एक सेटिंग होतं, जे मी तपासलं नाही. ते कुठलं, ते पुढं सांगतो.

इंटरनेटची लाइन म्हणजे नेमकं काय?

जुन्या लाइनमध्ये एक्सचेंजपासून दुकानापर्यंत तांब्याची जोडी यायची. त्या जोडीवर आवाजही यायचा आणि फोन चालवायची वीजही, साधारण 48 व्होल्ट. म्हणून लाइट गेली तरी साधा फोन चालू राहायचा.

आता आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे पॅकेट होऊन इंटरनेटवरून जातात. कॉल लावणं, रिंग वाजवणं, कॉल संपवणं ही बोलणी ज्या पद्धतीनं होतात तिला एसआयपी म्हणतात. तुमच्या दुकानातला डबा कंपनीच्या सर्व्हरला युजरनेम-पासवर्ड देऊन सांगतो की "मी इथं आहे, या नंबरचा कॉल आला तर माझ्याकडं पाठव." याला रजिस्टर होणं म्हणतात. डबा रजिस्टर नसेल तर कॉल येणार नाही.

भारतात लायसन्स असलेल्या कंपन्यांना नंबरसह इंटरनेट टेलिफोनी देण्याचा रस्ता 2018 मध्ये स्पष्ट झाला. त्यामुळं ही कायदेशीर आणि सरळ गोष्ट आहे. फक्त लाइन लायसन्सधारक कंपनीकडूनच घ्यायची.

तीन रस्ते

1. फायबरच्या डब्यातूनच फोन. बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांच्या फायबर कनेक्शनबरोबर येणाऱ्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, मागं फोनची छोटी खाच असते. त्यात साधा फोन लावता येतो किंवा तीच वायर इंटरकॉम मशीनला देता येते. सेटिंग कंपनीच करून देते. एक नंबर आणि दोन-चार टेबलं असतील तर हा रस्ता पुरेसा आहे.

2. एसआयपी ट्रंक आणि अडॅप्टर. एकाच नंबरवर एका वेळी चार-पाच कॉल घ्यायचे असतील, तर कंपनीकडून एसआयपी ट्रंक घ्यायची. जुन्या मशीनला इंटरनेट कळत नाही, म्हणून मध्ये एक अडॅप्टर किंवा गेटवे बसवायचा. त्याच्या एका बाजूला लॅनची वायर, दुसऱ्या बाजूला फोनच्या खाचा. उदाहरणार्थ, पॅनासोनिकचं केएक्स-टीईएस824 हे मशीन आपल्याकडं खूप ठिकाणी दिसतं. त्यात मूळ 3 बाहेरच्या लाइन आणि 8 एक्स्टेन्शन असतात. चार खाचांच्या गेटवेतून त्याच्या तिन्ही लाइन भरता येतात.

3. मशीनच इंटरनेटचं. नवीन आयपी पीबीएक्स घ्यायचं, किंवा कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायचं. अस्टेरिस्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरतात. त्याची गोष्ट आपल्यासारख्यांनी ऐकण्यासारखी आहे. 1999 मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर हा विद्यार्थी लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी चालवत होता. त्याला फोनचं मशीन पाहिजे होतं, पण ते परवडत नव्हतं. म्हणून त्यानं स्वतः लिहिलं, आणि पुढं तोच त्याचा मोठा धंदा झाला. पण हे सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर पहिल्या दोन रस्त्यांतच राहा.

देणारी खाच आणि घेणारी खाच

बहुतेक जोडणीच्या चुका इथं होतात. फोनच्या खाचा दिसायला सारख्या, पण जाती दोन.

एक देणारी: ही डायल टोन देते, रिंग देते. तिला एफएक्सएस म्हणतात. ओएनटीची खाच आणि अडॅप्टरची फोनची खाच ही देणारी. तुमच्या मशीनची एक्स्टेन्शनची खाच पण देणारीच.

दुसरी घेणारी: तिला एफएक्सओ म्हणतात. मशीनवर जिथं बाहेरची लाइन लागते ती घेणारी. त्यावर 'सीओ', 'ट्रंक' किंवा नुसतं 'लाइन' लिहिलेलं असतं.

नियम साधा: देणारी कायम घेणारीला जोडायची. ओएनटीची वायर चुकून एक्स्टेन्शनच्या खाचेत गेली तर दोन्हीकडून करंट येतो आणि पोर्ट जळू शकतो. वायर लावण्याआधी मशीनवरचं लेबल मोबाईलची बॅटरी लावून वाचा.

आता सेटिंग, एकेक करून

कॉल संपल्याची खूण. माझा घोटाळा हाच. समोरच्यानं फोन ठेवला हे मशीनला दोन प्रकारे कळतं. एक, लाइनवरचा करंट क्षणभर तुटतो किंवा उलटा होतो. दोन, एंगेज टोन ऐकून. अडॅप्टरमध्ये करंट तोडण्याचं सेटिंग चालू करा आणि मशीनमध्ये ते ओळखण्याचं सेटिंग चालू करा. ते नसेल तर मशीनला एंगेज टोन ओळखायला सांगा. आपल्याकडचा एंगेज टोन 400 हर्ट्झचा असतो: पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. अडॅप्टरवर देश अमेरिका ठेवलेला असेल तर टोन वेगळा येतो आणि मशीन गोंधळतं. म्हणून देश 'इंडिया' करा. ओएनटीचं सेटिंग आपल्या हातात नसतं, ते कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

शून्याचं गणित. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी 0 लावावा लागतो. तुमच्या मशीनवर बाहेरची लाइन घ्यायलाही 0 दाबावा लागत असेल, तर दोनदा शून्य होतो: एक लाइनसाठी, एक नंबरसाठी. काउंटरवरच्या पोराला हे सांगितलं नाही तर तो "फोनच लागत नाही" म्हणून बसतो. फोनवर एक चिठ्ठी चिकटवा. एसआयपी ट्रंक असेल तर गावातल्या गावात पण एसटीडी कोडसह, म्हणजे सांगलीत 0233 लावून, नंबर पाठवावा लागू शकतो. नंबर कुठल्या रूपात पाठवायचा हे कंपनीला आधीच विचारा आणि मशीनमध्ये किंवा अडॅप्टरमध्ये तसा नियम टाका.

कॉलर आयडी. फोनवर नंबर दिसत नसेल तर अडॅप्टरमध्ये डीटीएमएफ आणि एफएसके अशा दोन पद्धती असतात. एक चालली नाही तर दुसरी लावून बघा.

टोन आणि पल्स. जुन्या फोनच्या खाली टी आणि पी असं बटण असतं. ते टी वर ठेवा. बऱ्याच अडॅप्टरना पल्स डायलिंग कळत नाही.

एकतर्फी आवाज. आपल्याला ऐकू येतं, समोरच्याला नाही, किंवा उलट. बहुतेक वेळा राउटरमधलं 'एसआयपी एएलजी' हे सेटिंग कारण असतं. नाव मदतीचं, काम बिघडवण्याचं. ते बंद करून अडॅप्टर परत चालू करा.

स्पीड. यात लोक उगाच घाबरतात. जी.711 या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला पॅकेटचं ओझं धरून साधारण 90 केबीपीएस लागतात, जाताना तेवढे आणि येताना तेवढे. म्हणजे पाच कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएस. स्पीड पुरतो, अडचण गर्दीची असते. त्याच लाइनवर आठ सीसीटीव्ही क्लाउडला जात असतील तर आवाज तुटतो. राउटरमध्ये फोनला पहिला मान द्या, आणि अडॅप्टर वायफायवर न ठेवता वायरनं जोडा.

पासवर्ड. डब्याचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' किंवा 1234 ठेवू नका. एसआयपीचं नेहमीचं दार म्हणजे पोर्ट 5060. ते उघडं दिसणाऱ्या मशीनवर जगभरातून आपोआप पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम चालू असतात. एकदा आत शिरले की रातोरात तुमच्या नावावर परदेशी कॉल. म्हणून ते दार बाहेरून उघडू नका आणि आयएसडीची गरज नसेल तर कंपनीकडून ती बंदच करून घ्या.

लाइट आणि पाणी

फायबरच्या काचेतून वीज येत नाही. लाइट गेली की ओएनटी बंद, अडॅप्टर बंद, मशीन बंद, म्हणजे फोन बंद. तिन्हींना बॅकअप पाहिजे. नुसत्या ओएनटीला राउटरचा मिनी यूपीएस चालतो, पण विकत घेताना अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. इंटरकॉम मशीनला दुकानाच्या इन्व्हर्टरवरून वेगळा पॉइंट काढा. दुसरं म्हणजे, "लाइन बंद असेल तर कॉल मोबाईलवर वळवा" ही सोय कंपनीकडं मागा. ती कंपनीच्या सर्व्हरवर चालते, म्हणून तुमचा डबा बंद असला तरी कॉल वाचतो.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी बाजारपेठेत आलं. मशीन आणि ओएनटी काउंटरखाली ठेवू नका, पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर बसवा. आणि सेटिंगचे फोटो काढून मोबाईलमध्ये व मेलवर ठेवा. मशीन परत मिळतं, पण सेटिंग आठवत नाहीत.

सातारा आणि सांगली, दोन दुकानं जोडायची असतील तर

आमची दुसरी शाखा सांगलीला आहे. दोन्ही दुकानांत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. स्टॉक विचारायला दिवसातून वीस फोन होतात. दोन्हीकडं इंटरनेटवर चालणारं एक्स्टेन्शन टाकलं की साताऱ्याहून 201 दाबलं तर सांगलीच्या काउंटरवर वाजतं. हे आपल्या आपल्यात झालं, यात अडचण नाही.

पण बाहेरचा कॉल या आतल्या रस्त्यानं नेऊन दुसऱ्या गावच्या लाइनवर सोडायचा विचार असेल, तर थांबा. खासगी नेटवर्क आणि सार्वजनिक फोनचं जाळं एकत्र मिसळण्यावर आपल्याकडं नियम आहेत. काय चालतं ते कंपनीकडून लेखी घ्या. आम्ही सरळ ठेवलंय: साताऱ्याचे बाहेरचे कॉल साताऱ्याच्या लाइनवर, सांगलीचे सांगलीच्या.

आणि एक सावधगिरी. कुणी येऊन म्हणालं की "तुमच्या दुकानात एक डबा आणि चार सिमकार्ड ठेवतो, महिन्याला भाडं देतो", तर हात जोडा. परदेशातले कॉल इंटरनेटवरून आणून इथल्या नंबरवर सोडायचा तो बेकायदा धंदा असतो. दूरसंचार कायदा 2023 मध्ये विनापरवाना अशी सेवा देण्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. भाडं त्याचं, पण पोलीस येणार तुमच्या दुकानात.

जाहिरातीचे कॉल करायचेत?

नवीन उद्योजकांचा हा आवडता प्लॅन: "दहा लाइनी घेऊ, दिवाळी ऑफरचे कॉल मारू." नका करू. 13 ऑगस्ट 2024 ला ट्रायनं सगळ्या कंपन्यांना आदेश दिला. नोंदणी नसलेल्यानं एसआयपी किंवा इतर कुठल्याही लाइनवरून प्रचाराचे कॉल केले तर त्याच्या सगळ्या लाइनी तोडायच्या आणि त्याला 2 वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं. सगळ्या, म्हणजे तुमचा तो जुना, पाटीवरचा नंबर पण. प्रचारासाठी रीतसर नोंदणी आणि 140 ची वेगळी मालिका आहे. गिऱ्हाइकानं स्वतः फोन केला आणि तुम्ही उलट फोन केला, ती गोष्ट वेगळी.

नंबर कसा वाचवायचा

मोबाईलचा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येतो. लँडलाइनला आपल्याकडं ती सोय नाही. म्हणून जुना नंबर महत्त्वाचा असेल तर त्याच कंपनीच्या फायबरवर जाता येतं का ते आधी विचारा. बीएसएनएलची तांब्याची लाइन असेल तर तोच नंबर ठेवून फायबरवर जाण्याची सोय आहे. तुमच्या एक्सचेंजला ते शक्य आहे का ते विचारा, आणि अर्जावर "नंबर तोच ठेवणे" असं लिहून पोच घ्या.

दुसऱ्या कंपनीचा नवा नंबर घेत असाल तर जुना लगेच सरेंडर करू नका. निदान एक सीझन दोन्ही चालवा. जुना नंबर नव्यावर वळवा आणि नवीन बिलबुकावर दोन्ही छापा.

शटर ओढण्याआधीची यादी

लाइन बदलायचं काम दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी करा आणि ही यादी हातात धरून तपासा:

1. मोबाईलवरून दुकानात कॉल लावा, उचला, दोन मिनिटं बोला. आवाज दोन्हीकडं जातोय का?
2. दुकानातून मोबाईलला, गावातल्या लँडलाइनला आणि दुसऱ्या गावाला कॉल लावा.
3. बाहेरून कॉल करा, मशीनला उचलू द्या, आणि काही न बोलता फोन ठेवा. एक मिनिटानं परत लावा. एंगेज आला तर काम झालेलं नाही.
4. कॉल होल्डवर टाका, समोरच्याला ठेवायला सांगा. लाइन मोकळी होते का?
5. ट्रंक असेल तर जेवढ्या कॉलचे पैसे देताय तेवढे एकदम लावून बघा.
6. मेन स्विच बंद करा. फोन चालतोय का? किती वेळ?
7. ओएनटी बंद करून कॉल लावा. मोबाईलवर वळतोय का?
8. स्वाइप मशीन किंवा फॅक्स जुन्या लाइनवर असेल तर तेही चालवून बघा.
9. 112 साठी काउंटरवर एक चार्ज केलेला मोबाईल कायम ठेवा. या लाइनीवर एकट्यावर विसंबू नका.
10. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावा. अगरबत्ती लावता तसं.

तिसरा मुद्दा मी त्या शुक्रवारी तपासला असता तर एक मिनिट गेलं असतं. नाही तपासला म्हणून दोन दिवस गेले.

जे आता दुकान काढणार आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा. फोनची लाइन हा खर्चाच्या वहीतला छोटा आकडा आहे, पण गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर यायच्या आधी त्याच लाइनवर येतं. तिथं एंगेज मिळालं तर ते भांडत नाही, तक्रार करत नाही, गुपचूप दुसऱ्याकडं जातं. आबांसारखं सांगायला येणारं एखादंच.

ते आबा अजून येतात. परवा नवीन स्टार्टर नेला. पेटीच्या झाकणात नंबर लिहायला त्यांनी माझ्याकडंच पेन मागितलं. मी आधी मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावला, रिंग वाजलेली त्यांना ऐकवली, मगच पेन दिलं.

पुढच्या व्हिडिओत एका अडॅप्टरची जोडणी पहिल्या वायरपासून शेवटच्या टेस्टपर्यंत दाखवतो. तोपर्यंत आज एवढंच करा: स्वतःच्या दुकानाचा नंबर स्वतः लावून बघा.